गुडमार, गोळी आणि पहाटेचे सव्वाचार



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळला. ‘रक्तातील साखरेसाठी गुडमारच्या कॅप्सूल घेतल्या तर चालतील का?’ कुणाला त्या मुलाने पुण्याहून आणून दिल्या आहेत, कुणाला भिशीतल्या मैत्रिणीने सुचवल्या आहेत, कुणी दूरचित्रवाणीवरील जाहिरात पाहून मागवल्या आहेत. बहुतेक पत्रांच्या शेवटी एक वाक्य मात्र सारखेच आहे: ‘वनस्पतीच आहे, तेव्हा अपाय तर होणार नाही ना?’ मला प्रश्नापेक्षा हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. त्याला उत्तर देताना सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करणे भाग आहे.

माझे एक जुने रुग्ण आहेत. निवृत्त शिक्षक, वय ७४. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.) मधुमेहाला अठरा वर्षे झालेली. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज या तीन औषधांची मिळून एक गोळी ते दिवसातून दोनदा घेत आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल. त्यांची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षे १४० ते १५० च्या दरम्यान असे. मागच्या उन्हाळ्यात ते तपासणीला आले, तेव्हा ती ९६ निघाली. मी खूश झालो. “गुरुजी, पथ्य छान सांभाळताय,” असे म्हणून त्याच गोळ्या पुढे लिहून दिल्या. गुरुजी नुसते हसले.

आहारात, चालण्यात, वजनात काहीही बदल नसताना एका वृद्ध माणसाची साखर जवळजवळ ५० अंकांनी खाली येते, तेव्हा डॉक्टरने आनंद मानण्यापूर्वी ‘का?’ असे विचारायला हवे. मी विचारले नाही. बाहेर बाकावर गर्दी होती, ही सबब मी स्वतःला देऊन पाहिली आहे. ती टिकत नाही.

त्यानंतर वीसेक दिवसांनी पहाटे सव्वाचार वाजता काकूंचा फोन आला. “डॉक्टर, यांना काहीतरी झालंय. कपाट उघडतायत आणि म्हणतायत, घंटा झाली, वर्गाची किल्ली दे. अंग घामानं निथळतंय. लकवा तर नसेल ना?” शेजाऱ्यांकडे ग्लुकोमीटर होता. मी पोहोचेपर्यंत त्यांनी बोट टोचून पाहिले होते: ३८. काकूंनी प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजले होते, परंतु दहा-बारा मिनिटांनंतरही आकडा ४४ च्या पुढे सरकला नव्हता. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात गुरुजींनी मला ओळखले आणि विचारले, “एवढ्या पहाटे कसे आलात?” त्यांना रुग्णालयात हलवले. तिथे सलाइनमधून ग्लुकोज चालू असतानाही दुपारी साखर पुन्हा ५८ पर्यंत उतरली. घरी सोडले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

त्या दुपारीच काकूंनी पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हाती दिली. हिरवे झाकण, वर पानाचे चित्र, आत गुडमारच्या अर्काच्या कॅप्सूल. भाच्याने आणून दिलेल्या. दीड महिन्यापासून सकाळी एक, रात्री एक.

“गुरुजी, मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारता, औषधं कोणती घेता? हे औषध कुठं आहे? आणि खरं सांगू, तुम्ही रागवाल असं वाटलं.”

दोन्ही उत्तरे खरी होती. माझ्याकडे या दोन्हींवर बोलण्यासारखे काही नव्हते.

सारा दोष त्या बाटलीवर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. रुग्णालयात केलेल्या तपासणीत गुरुजींचे क्रिएटिनिन १.७ निघाले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले होते. अशा वेळी ग्लिमेपिराइडचा अंमल शरीरात जास्त काळ रेंगाळतो. दोन दिवस पोट बिघडलेले असल्याने त्या रात्री त्यांनी चार घास ताकभात खाल्ला होता, आणि गोळी मात्र पूर्ण घेतली होती. म्हणजे मंदावलेले मूत्रपिंड, अर्धपोटी जेवण, पूर्ण गोळी आणि त्यावर गुडमार. यांपैकी कुणाचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. तथापि पहिल्या तीन गोष्टींना मी थोडेफार सांभाळून घेऊ शकलो असतो. चौथी मला ठाऊकच नव्हती.

आता त्या वनस्पतीविषयी. गुडमार ही रुईच्या कुळातील वेल. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत ती झाडाझुडपांवर चढलेली आढळते. काही भागांत तिला कावळी म्हणतात, काही भागांत बेडकी. संस्कृतातील मेषशृंगी हे नाव तिच्या शेंगेच्या शिंगासारख्या आकारावरून आले. मधुनाशिनी आणि गुडमार ही नावे मात्र पानाच्या एका विलक्षण गुणावरून पडली आहेत. कास पठाराकडच्या एका गावातील माझ्या रुग्णाने काही वर्षांपूर्वी मला ती पाने आणून दिली. मी एक पान चांगले चावले. कडवट, तुरट लागले. चूळ भरून साताऱ्याचा कंदी पेढा तोंडात टाकला. पेढ्याचा लगदा जाणवत होता, दुधाचा खमंगपणा जाणवत होता, परंतु गोडी नाहीशी झालेली. नुसती साखर जिभेवर ठेवली तर वाळू चघळल्यासारखे वाटले. अर्ध्या-पाऊण तासाने चव हळूहळू परतली.

यात चमत्कार काही नाही. पानांतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चिकटून बसतात आणि साखरेला तिथे जागा उरत नाही. या आम्लांचे नाव १८८७ साली डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने पानांवर केलेल्या कामातून रूढ झाले. ते तेव्हा उटकमंडला होते. एक गोष्ट मात्र येथेच स्पष्ट करतो. जिभेला गोडी न कळणे आणि रक्तातील साखर कमी होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पान चावून खाल्लेला पेढा गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर तो पेढाच असतो. कॅप्सूल गिळली तर जिभेवर परिणाम होतच नाही. ‘गुडमार म्हणजे साखर मारणारा, म्हणून रक्तातलीही साखर मारणारा’ हे तर्कशास्त्र नावापुरतेच चालते.

असे असले तरी रक्तातील साखरेवर गुडमारचा काहीच परिणाम नाही, असे म्हणणेही चूक ठरेल. हा शोध आपल्या घरचाच आहे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेशी निगडित असलेले डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनी १९३० साली गुडमारवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तशर्करेवर पानांचा परिणाम होत असल्याचे नोंदवले. पुढे १९९० साली मद्रास येथील संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर दररोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. साखर उतरली, बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या आणि पाच जणांना गोळ्या पूर्णपणे थांबवता आल्या.

जाहिरातींत हा अभ्यास मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. त्यातील दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे, २२ ही संख्या फार लहान आहे आणि कुणाला अर्क मिळावा, कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. त्यामुळे सुधारणेचे श्रेय किती अर्काला आणि किती वारंवार तपासणीला, हे कळत नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. त्या रुग्णांच्या गोळ्या कमी करणारे कुणीतरी होते. अर्क चालू आहे हे त्यांना माहीत होते, ते साखर मोजत होते आणि आकडा उतरू लागला तशी गोळी उतरवत होते. गुरुजींच्या बाबतीत अर्क होता, गोळी होती, उतरवणारा मात्र अंधारात होता.

काही वाचकांनी मधुमेह नसतानाही, केवळ ‘मेटाबॉलिझम सुधारण्यासाठी’ या कॅप्सूल घ्याव्यात का, असे विचारले आहे. चयापचयाचा बिघाड आम्ही पाच खुणांवरून ओळखतो: वाढलेला कमरेचा घेर (आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे), रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, आणि कमी झालेले ‘चांगले’ कोलेस्टेरॉल. यांपैकी कोणत्याही तीन आढळल्या म्हणजे बिघाड आहे असे समजतात. अशा २४ जणांवर मेक्सिकोतील संशोधकांनी २०१७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना ३०० मिलिग्रॅम गुडमार दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल, बारा आठवडे. गुडमार घेणाऱ्यांचे वजन काहीसे घटले, परंतु शरीर इन्सुलिनला किती दाद देते आणि स्वादुपिंड किती इन्सुलिन स्रवते, यांत फरक पडला नाही. म्हणजे ज्याला आपण बिघाडाचे मूळ म्हणतो, ते होते तिथेच राहिले. चोवीस माणसांवरून शेवटचा निकाल देता येत नाही हे खरे. पण बाटलीवर जे ठळक अक्षरांत छापतात, त्याला आधार म्हणून एवढेच हाताशी आहे. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालणारा माणूस यापेक्षा अधिक मिळवतो, आणि त्याचा खर्च चपलेपुरता.

माझे हे लिहिणे वनस्पतींविरुद्ध आहे असे कृपया समजू नका. तुम्ही रोज घेता ते मेटफॉर्मिन कुठून आले? युरोपात गालेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती आहे. तिच्यातील साखर उतरवणारे द्रव्य विषारी निघाले. त्याच कुळातील रसायनांवर काम होत गेले. मेटफॉर्मिन १९२२ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण मधुमेहाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली मांडला. वनस्पतीपासून गोळीपर्यंतच्या त्या दीर्घ प्रवासात काय ठरले? मात्रा किती, कुणाला द्यायचे, मूत्रपिंड अशक्त झाल्यावर किती कमी करायचे आणि कधी थांबवायचे. गुडमारच्या बाटलीला या प्रश्नांची उत्तरे विचारून पाहा. एका कॅप्सूलमध्ये नुसती वाळलेल्या पानांची पूड असते, दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच कॅप्सूलमध्ये २५ टक्के जिम्नेमिक आम्लांचा अर्क असतो, तिसरीच्या ७५ टक्के. तिन्हींवर ‘गुडमार’च लिहिलेले असते. बाटली संपल्यावर भाच्याने दुसऱ्या कंपनीची आणली, तर मात्रा तिप्पट झाल्याचे कुणालाही कळणार नाही.

बाटली हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. आयुर्वेदिक औषध म्हणून बनवलेल्या वस्तूवर औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचनाही असते. ती बहुधा एवढ्या बारीक अक्षरांत असते की ज्यांच्यासाठी बाटली बनवली, त्या वयाच्या माणसाला ती वाचता येऊ नये. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या आपण रोज पाहतो. काही भामटे तर ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णात आमचीच साखरेची गोळी कुटून घालतात. असे प्रकार जगभरात अनेकदा उघडकीस आले आहेत. एखाद्या निनावी पुडीने साखर चार दिवसांत झपाट्याने उतरली, तर वनस्पतीचे कौतुक करण्यापूर्वी हा संशय मनात येऊ द्यावा.

साताऱ्यातच माझे एक वैद्य मित्र आहेत. ते गुडमार देतात. देण्यापूर्वी रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगतात, मला फोन करतात, आणि आठवड्याने साखर पाहतात. त्यांच्या हातून गुडमार घेणाऱ्या रुग्णाची मला चिंता वाटत नाही. मला चिंता वाटते ती पार्सलमधून आलेल्या बाटलीची.

मग कुणी घ्यावे आणि कुणी नाही? माझे मत असे आहे. ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि जे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी गुडमार स्वतःहून घेऊ नये. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. गुडमारही काही अंशी तेच करत असावे, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवतात. एकाच बैलाला दोघांनी दोन बाजूंनी पराणी टोचावी, तसे ते होते. मूत्रपिंड किंवा यकृत अशक्त असलेल्यांनीही टाळावे. गुडमारमुळे यकृताला सूज आल्याची एक नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर निदान दोन आठवडे आधी या कॅप्सूलविषयी भूलतज्ज्ञांना सांगावे. साखर नुकतीच काठावर आली आहे, कोणतीही गोळी चालू नाही, मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे, अशा साठीच्या आतल्या माणसाने वैद्यांच्या सल्ल्याने तीन महिने घेऊन पाहिले आणि आधी व नंतर एचबीए१सी तपासली, तर मी आडवा येणार नाही.

आणि ज्यांची कॅप्सूल आजच चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून ती रागाने कचऱ्यात टाकू नये. तिच्या भरवशावर तुमची गोळी कमी केलेली असेल, तर साखर उसळेल. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. याच्या उलट, वनस्पतीच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करणारेही मी पाहिले आहेत. एक आजी तशा अवस्थेत माझ्याकडे आल्या, तेव्हा साखर ४०० च्या पुढे होती. इन्सुलिन चालू असलेल्याने ते कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आता थोडे सविस्तर लिहितो. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते, हे आपण ऐकलेले असते. वृद्धांत हे चित्र पुष्कळदा वेगळे असते. ते गोंधळतात, असंबद्ध बोलतात, चिडतात, तोल जाऊन पडतात, जीभ जड होते. घरच्यांना वाटते लकवा, किंवा ‘वयामुळे भ्रम झाला’. गुरुजींप्रमाणे मेटोप्रोलॉलसारखे औषध चालू असेल, तर थरथर आणि धडधड दबून जाते. घाम तेवढा येतो. सकाळी उशीचा अभ्रा किंवा सदरा ओला असणे, उठताच डोके दुखणे, रात्री भीतिदायक स्वप्ने पडणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नका. अशा वेळी पहाटे तीनच्या सुमारास एकदा साखर मोजून पाहावी.

आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात घालून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. ७० च्या वर गेले नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर पोळी, भात किंवा बिस्किटे खायला द्यावीत. मी मुद्दाम ग्लुकोज म्हणतो आहे, साखर नव्हे. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांच्या आतड्यात नेहमीच्या साखरेचे विघटन ते औषधच रोखून धरते, म्हणून साखरपाणी पाजले तरी आकडा चढायला उशीर लागतो. काकूंचे साखरपाणी म्हणूनच कामी येत नव्हते. ही गोष्ट मी त्यांना अठरा वर्षांत कधी सांगितली नव्हती, तेही येथे लिहून ठेवतो. गोळीच्या पाकिटावर ही नावे आज पाहून घ्या आणि ग्लुकोजचा एक पुडा उशाशी ठेवा. घरात दुसरे काही नसेल, तर साखर द्याच. काहीच न देण्यापेक्षा ती बरी.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. ते फुप्फुसात जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर वर आल्यावरही काही तासांनी पुन्हा उतरते. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी झोपवू नये. चोवीस तास तरी देखरेख हवी.

गुरुजींनी ती बाटली घेतलीच का, हे मला बरेच दिवस सतावत होते. पुढच्या भेटीत त्यांनी खिशातून जुने अहवाल काढले. प्रयोगशाळेच्या कागदावर १०० च्या वरची प्रत्येक साखर ठळक अक्षरांत छापून येते आणि तिच्यापुढे एक तारका असते. चाळीस वर्षे लाल शाईने उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला आपल्या नावापुढची ती तारका बोचत होती. त्यांना ती पुसायची होती. वास्तविक त्यांच्या वयाला, मूत्रपिंड अशक्त असताना, उपाशीपोटीची साखर ९० ते १५० च्या दरम्यान असणे पुरेसे चांगले समजतात, आणि एचबीए१सी आठच्या आत असली तरी चालते. कारण या वयात साखर थोडी जास्त राहण्यापेक्षा ती अवचित उतरणे अधिक घातक असते. म्हणजे ज्या १४० ला ते नापास समजत होते, त्यात ते पासच होते. आणि हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. घरातील वृद्धांना विचारा, त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी कोणता आकडा ठरवला आहे. ठरवला नसेल, तर पुढच्या भेटीत ठरवून घ्या आणि अहवालावर लिहून घ्या.

विचारताना मात्र आवाज तपासणीचा नसावा. “बाबा, चोरून काय घेता?” असे विचारले, की बाटली फडताळात आणखी मागे सरकते. “मीही ओव्याचा अर्क घेते, तुम्ही काय घेता?” असे विचारले, की ती पुढे येते. डॉक्टरांनी रागावू नये हे तर आलेच. मी अजून शिकतो आहे.

आमच्या दवाखान्यात आता एक पद्धत पडली आहे. साठीच्या पुढचे रुग्ण येताना सगळे एका पिशवीत घालून आणतात: गोळ्या, कॅप्सूल, चूर्ण, काढा, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्याने दिलेली पुडी. आधी निम्मे लोक संकोचले. बाकावर बसल्या बसल्या एकमेकांच्या पिशव्यांत डोकावणे हा आता तिथल्या करमणुकीचा भाग झाला आहे, त्याला माझा इलाज नाही.

गुरुजींचे ग्लिमेपिराइड आम्ही बंद केले, मेटफॉर्मिनची मात्रा कमी केली आणि गुडमार थांबवले. गेल्या महिन्यात त्यांची उपाशीपोटीची साखर १३८ होती आणि एचबीए१सी ७.६. तारका छापून आलीच होती. गुरुजींनी तिच्याशेजारी माझ्याकडून ‘योग्य’ असे लिहून घेऊन खाली सही मागितली. काकूंनी पिशवीतील वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या आणि शेवटी पाचकाची एक छोटी डबी बाहेर काढली. “ही नुसती जेवणानंतरची हो, पण आणलीय. हीसुद्धा दाखवायची ना?” मी डबी उजेडात धरली आणि मागची बारीक अक्षरे वाचू लागलो.